कोलंबोचे राष्ट्रीय संग्रहालय : राजधान्यांचा क्रम आणि वस्तूंची साक्ष

ग्रंथाला जसा प्रतिपाद्य विषय असतो तसा वस्तुसंग्रहालयालाही असतो. दालने ही त्याची प्रकरणे होत, वस्तू ही प्रमाणे, आणि मांडणीचा क्रम हा त्याचा सिद्धान्त. ग्रंथाचे परीक्षण करताना आपण जी चिकित्सा करतो, ती संग्रहालयाच्या बाबतीत मात्र सहसा करीत नाही. दगड आणि धातू डोळ्यांसमोर असतात; त्यामुळे त्यांची मांडणीही तितकीच निर्विवाद असावी, असा आपला समज होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आधारे येथे तपासावयाचे आहे.

हे संग्रहालय १ जानेवारी १८७७ रोजी स्थापन झाले. गव्हर्नर सर विल्यम ग्रेगरी यांच्या पुढाकाराने, स्मिदर या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार आणि वप्चि मारिकार या मुस्लिम कंत्राटदाराच्या हातून त्याची पांढरी शुभ्र इमारत उभी राहिली. प्रवेशद्वारातून आत येताच तोलुविल येथील ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे दर्शन घडते. अनुराधपुरकालीन शिल्पकलेतील संयमाचा हा एक श्रेष्ठ नमुना होय. तेथून प्रेक्षक अनुराधपुर, पोलोन्नरुव, संक्रमणकाल व कँडी अशा क्रमाने पुढे जातो. एक राजधानी अस्तास जाते आणि दुसरी उदयास येते. राजसत्ता व तिचा आश्रय लाभलेला बौद्ध धर्म यांचे सातत्य हेच देशाच्या इतिहासाचे सूत्र, असे ही मांडणी न बोलता सांगते.

हा क्रम निराधार आहे असे म्हणता येणार नाही. 'महावंसा'ची परंपरा राजवंशांच्या अनुक्रमानेच चालते. आणि १८९० मध्ये स्थापन झालेल्या पुरातत्त्व खात्याने आपले पहिले मोठे परिश्रम अनुराधपुर, पोलोन्नरुव यांसारख्या स्थळीच वेचले. जेथे उत्खनन झाले तेथील वस्तू हाती आल्या, आणि ज्या हाती आल्या त्यांचाच इतिहास झाला. परंतु याच दालनांतील काही वस्तू आपल्याला नेमून दिलेल्या प्रकरणात मावत नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे.

पोलोन्नरुव येथील शिवदेवालयांच्या परिसरात सापडलेल्या कांस्यमूर्ती प्रथम पाहाव्या. चोळांनी ९९३ च्या सुमारास अनुराधपुर घेतले, पुढे पोलोन्नरुव येथे आपले केंद्र केले, आणि १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने त्यांना घालवून दिले. राजधान्यांच्या कथेत हा आक्रमणाचा खंडित काळ ठरतो. नटराज व शैव संतांच्या या मूर्ती मात्र निराळी साक्ष देतात. ज्या नगरात बौद्ध विहार उभे राहिले, त्याच नगरात शिवाची पूजाही रुजली होती. या मूर्तींना केवळ परचक्राची खूण मानले, तर नित्य पूजा करणारा समाजच इतिहासातून वगळला जातो.

दुसरी साक्ष गॉल येथील त्रैभाषिक शिलालेखाची. चीनच्या मिंग सम्राटाच्या वतीने दर्यासारंग झेंग हे याने आणलेल्या या शिळेवर १४०९ चा काल नोंदलेला आहे. चिनी लेखात बुद्धाला, तमिळ लेखात तेनवरै नायनार या देवाला आणि फारसी लेखात इस्लामच्या ईश्वराला अर्पण केलेल्या वस्तूंची नोंद आहे. तिन्ही याद्या जवळजवळ सारख्या असून त्यांत एक हजार सुवर्णनाणी व पाच हजार रौप्यनाणी यांचा उल्लेख येतो. या बंदराशी व्यवहार करणाऱ्या परकीयाला कोणत्या तीन भाषांत बोलावे असे वाटले, हे येथे दगडावर नोंदले गेले आहे. त्यांत सिंहली नाही. तथापि या शिळेला सलोख्याचे प्रतीक म्हणून गौरविण्याची घाई करू नये. दोनच वर्षांत याच झेंग हेने लंकेच्या राजाशी युद्ध करून त्याला बंदी करून नेले. दान आणि आरमार एकाच जहाजातून आले होते. १९११ मध्ये ही शिळा सापडली ती एका मोरीवर झाकण म्हणून बसविलेली! ज्या शिळेचा कोणा राजधानीशी संबंध नव्हता, तिची वारसदारी सांगणारेही कोणी उरले नव्हते.

तिसरी वस्तू कँडीच्या दालनातील सिंहासन. राष्ट्रीय सार्वभौमत्वाचे याहून बोलके चिन्ह संग्रहालयात दुसरे नाही. हे सिंहासन डच गव्हर्नराने १६९३ मध्ये दुसऱ्या विमलधर्मसूरियाला भेट दिलेले. १७३९ पासून त्यावर बसले ते दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्यातील राजे. त्यांच्यापैकीच कीर्ती श्री राजसिंहाच्या कारकीर्दीत, १७५३ मध्ये, सयामहून भिक्षू आणून लंकेतील उपसंपदेचे पुनरुज्जीवन करण्यात आले. १८१५ मध्ये इंग्रजांनी शेवटच्या राजाला पदच्युत केले. राजा वेल्लोरला आणि सिंहासन इंग्लंडला गेले. ते १९३४ मध्ये परत आले. यातील प्रत्येक टप्पा राष्ट्राच्या इतिहासाचाच भाग आहे; पण त्यांपैकी एकही टप्पा एकवंशीय राष्ट्राच्या कल्पनेत बसत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, संग्रहालयाला काही एक क्रम असावाच लागतो आणि कालक्रमाहून सोयीचा क्रम कोणता? आक्षेप रास्त आहे. दोष कालक्रमाचा नाही; काळ केवळ राजधान्यांनी मोजण्याचा आहे. ज्या देशाने १९८३ ते २००९ या काळात यादवी युद्ध भोगले, आणि त्याआधी १९८१ मध्ये जाफन्याच्या ग्रंथालयासह तेथील दुर्मिळ हस्तलिखिते जळताना पाहिली, तेथे हा प्रश्न केवळ मांडणीच्या सोयीचा राहत नाही. कोणाचा भूतकाळ 'काल' म्हणून गणला जावा आणि कोणाचा 'व्यत्यय' म्हणून, याचा निर्णय दालनांची नावे ठरविताना नकळत होऊन जातो.

नेदरलँड्सने २०२३ मध्ये कँडीची तोफ धरून सहा वस्तू श्रीलंकेला परत केल्या. १७६५ च्या डच स्वारीत लुटली गेलेली ही तोफ आता याच संग्रहालयात आली आहे. परत आलेल्या वस्तूच्या प्रवासाची कथा सांगण्यावाचून गत्यंतर नसते. तीच कसोटी कधीही परदेशी न गेलेल्या वस्तूंनाही लावावी, एवढीच अपेक्षा आहे. वस्तू कोणी घडविली, कोणासाठी घडविली, ती येथवर कशी आली आणि याच दालनात का ठेवली गेली, हे चार प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून विचारले, तर संग्रहालयाची भिंत न हलविताही त्याच्या सिद्धान्ताची फेरतपासणी होऊ शकेल. त्यासाठी लागणारी प्रमाणे कोलंबोच्या संग्रहालयाने स्वतःच जतन करून ठेवली आहेत, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.