करोना म्हणजे नुसता मुकुट नव्हे

'करोना म्हणजे मुकुट. विषाणूवर मुकुटासारखे काटे असतात म्हणून हे नाव.' 2020 पासून हे वाक्य वर्तमानपत्रांत आणि वर्गांतही वारंवार सांगितले गेले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि हा अपुरेपणा विज्ञान शिकवताना आड येतो.

मुकुट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवाच्या मूर्तीवरचा, वर निमुळता होत जाणारा मुकुट येतो. लॅटिन भाषेतला 'कोरोना' मुळात तसा नव्हता. डोक्याभोवती गुंडाळायची पानाफुलांची माळ, हा त्याचा अर्थ. तो ज्या ग्रीक शब्दावरून आला, तो वाकलेल्या वस्तूंसाठी वापरीत. म्हणजे या शब्दात महत्त्व उंचीला नाही, वेढ्याला आहे. इंग्रजीतला राजाचा 'क्राउन' याच शब्दापासून फ्रेंचमार्गे आला.

वेढ्याचा हा अर्थ धरला की बरेच शब्द उलगडतात. हृदयाला माळेसारखा वेढा घालणाऱ्या धमन्या त्या 'करोनरी'. फुलातला पाकळ्यांचा घेर 'कोरोला', म्हणजे छोटी माळ. त्यालाच आपण दलपुंज म्हणतो. भूमितीतले उपप्रमेय इंग्रजीत 'कोरोलरी' होते, तेही याच कुळातले. रोमन लोकांत माळेसाठी दिलेल्या पैशाला आणि पुढे वरकड बक्षिशीला जो शब्द होता, त्यापासून ते आले. मूळ सिद्धतेवर वरकड मिळालेले ते उपप्रमेय! 'मुकुट' एवढाच अर्थ सांगितला तर यातले काहीच हाती लागत नाही.

आता विषाणूकडे वळू. 1968 साली आठ विषाणुशास्त्रज्ञांनी 'नेचर' साप्ताहिकात हे नाव सुचवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलेली कडेची झालर पाहून त्यांना आठवण झाली ती सूर्याच्या करोनाची. राजाच्या मुकुटाची नव्हे. विषाणूचे नाव असे खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेले आहे.

सूर्याच्या करोनाला मराठीत 'किरीट' आणि 'प्रभामंडल' असे दोन शब्द वापरले जातात. 'किरीट' शब्दाने पुन्हा डोक्यावरचा दागिनाच आठवतो. 'प्रभामंडल' अधिक चांगला, कारण त्यात प्रकाशही आहे आणि वेढाही. पण त्यातही एक अडचण राहते. ग्रहणात करोना कड्यासारखा दिसतो, कारण मधली तेजस्वी तबकडी चंद्राने झाकलेली असते. प्रत्यक्षात दहा लाख अंशांहून अधिक तापमानाचा हा विरळ वायू सूर्याला सर्व बाजूंनी वेढून आहे. विषाणूचे काटेही सगळ्या पृष्ठभागावर असतात. सपाट चित्रात ते कडेलाच उठून दिसतात. दोन्हीकडे नाव पडले ते दिसलेल्या चित्रावरून, वस्तूच्या खऱ्या आकारावरून नव्हे.

म्हणून नवा प्रतिशब्द शोधण्यापेक्षा वर्गात एक प्रयोग करावा. मातीच्या गोळ्यात सर्व बाजूंनी काड्यापेटीतल्या काड्या टोचाव्यात आणि विजेरीच्या उजेडात त्याची सावली भिंतीवर पाडावी. काड्या फक्त कडेला दिसतील. मग मुलांना विचारावे : मधल्या काड्या गेल्या कुठे?