वीरधर्म कुणासाठी?

मध्ययुगीन युरोपातील नाइटांविषयी लिहिताना समीक्षक एक ठरावीक निर्वाळा देतात : आदर्श थोर होता, माणसे त्याला उतरली नाहीत. दुर्बळांचे रक्षण, स्त्रीदाक्षिण्य, शरणागताला अभय ही वीरधर्माची वचने. लूट, जाळपोळ, बलात्कार हा व्यवहार. ही तफावत खरी आहे. तिचे हे स्पष्टीकरण मात्र मला मान्य नाही.

नाइटांचा गौरव करणारा चौदाव्या शतकातील बखरकार फ्रुआसार याचीच साक्ष काढू. १३५६ साली प्वातिएच्या लढाईत इंग्लंडच्या युवराजाने फ्रान्सच्या राजाला कैद केले. त्या रात्री युवराजाने कैदी राजाला स्वतः वाढले. त्याच्या पंक्तीला बसणेही नाकारले. याच युवराजाच्या सैन्याने १३७० साली लिमोज शहर घेतले. गुडघे टेकून दया मागणारी बायकामुले कापली गेली. फ्रुआसारचा तीन हजारांचा आकडा आजचे इतिहासकार फुगवलेला मानतात. पण त्याने पुढे सांगितलेली गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. तीन फ्रेंच नाइट शौर्याने लढताना पाहून युवराजाचा राग निवळला आणि त्यांचे प्राण वाचले. गरिबांच्या कत्तलीबद्दल फ्रुआसार हळहळतो. तरी युवराज त्याच्या लेखी आदर्श वीरच राहतो.

१३५८ साली उत्तर फ्रान्समधील शेतकरी सरदारांविरुद्ध उठले. त्यांनीही गढ्या जाळल्या, माणसे मारली. मो या शहरी अडकलेल्या सरदारस्त्रियांच्या मदतीला फ्वाचा काउंट आणि कॅप्टल द ब्यूश धावले. हा कॅप्टल दोनच वर्षांपूर्वी प्वातिएला फ्रेंच राजाविरुद्ध लढलेला. शेतकऱ्यांसमोर राजाराजांतले वैर आड आले नाही. बंडखोर मारले गेले, शहर जाळले गेले. दाक्षिण्य पाळले गेले. पण ज्यांची घरे जळाली त्या स्त्रिया नव्हत्या काय?

बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कापेलानुसने प्रेमावर लॅटिन ग्रंथ लिहिला. उमराव स्त्रीशी किती अदबीने बोलावे याचे त्यात लांबलचक संवाद आहेत. शेतकरी स्त्रीच्या वाट्याला एक तोकडे प्रकरण. त्यात सल्ला असा की सोयीची जागा मिळताच बळजबरी करायला कचरू नये. काही अभ्यासक या ग्रंथाला उपरोध मानतात. असेल, पण तो कुणाच्या अब्रूवर केलेला आहे?

म्हणजे येथे नियम मोडला गेला नाही. नियमाची हद्दच तेवढी होती. तिला आर्थिक पायाही होता. पकडलेला नाइट जिवंत ठेवला तर खंडणी मिळे. शेतकऱ्याकडून कसली खंडणी? उलट त्याचे गाव जाळले की शत्रूचा महसूल बुडे.

'धर्म चांगला, माणसे वाईट' हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी तो मुळातूनच उखडला : जात पाळणारा माणूस दुष्ट म्हणून ती पाळत नाही, त्याचा धर्मच त्याला ती शिकवतो. युरोपातील सरंजामशाही आणि आपली जातिव्यवस्था एक नव्हेत. पण आदर्शाची झडती घेण्याची ही रीत दोन्हीकडे लागू पडते. नाइटांच्या कथा वाचू नका असे मी म्हणणार नाही. शिकवताना मात्र नायक शब्दाला जागला की नाही एवढ्यावर थांबू नये. तो शब्द कुणाला दिला होता आणि कुणाला कधी दिलाच नव्हता, हे विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे.