सचित्र पोथी आणि बालचित्रस्पर्धा : अक्षर व चित्र यांच्या फारकतीची चिकित्सा

मध्ययुगीन सुवर्णालंकृत हस्तलिखिते समोर ठेवून मुलांकडून चित्रे काढून घेण्याचे उपक्रम व स्पर्धा पाश्चात्त्य देशांतील ग्रंथालये आणि संग्रहालये योजीत असतात. इ.स. ८०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ केल्स’सारख्या ग्रंथातील एखादे आद्याक्षर मुलांना दाखवावे व आपल्या नावाचे पहिले अक्षर तशाच वेलबुट्टीने आणि सोनेरी रंगाने सजविण्यास सांगावे, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. ही कल्पना आपल्याकडील शाळांनाही मोहात पाडणारी आहे. तथापि ती जशीच्या तशी उचलल्यास मुलांच्या हाती काय लागेल, याचा विचार मनमाडसारख्या गावातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिली अडचण लिपीची आहे. रोमन लिपीत अक्षराची मोठी व लहान अशी दोन रूपे आहेत. तेथील आद्याक्षर मुळातच स्वतंत्र उभे असते. ते पानाच्या उंचीएवढे वाढविले तरी शब्द मोडत नाही. देवनागरीत अक्षरे शिरोरेखेच्या आधाराने एकत्र येतात. ‘किरण’ या नावातील पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. अशा वेळी मोठे करावयाचे ते काय, वेलांटी की व्यंजन? दोन्ही मोठी केली तर शिरोरेखा तुटते आणि उरलेला ‘रण’ वेगळाच अर्थ सांगू लागतो. आपल्या पोथीलेखकांनी पानाची शोभा वाढविण्यासाठी निराळे मार्ग शोधले होते. समासाच्या तांबड्या रेघा, हिंगुळाने रेखलेले दंड, पानाचा आडवा घाट आणि मजकुरात राखलेली मोकळी जागा ही त्यांची साधने होत.

या मोकळ्या जागेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पश्चिम भारतातील जैन कल्पसूत्राच्या ताडपत्री पोथ्यांत दोरा ओवण्यासाठी भोक ठेवीत. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज संपली. परंतु लेखक मजकुराच्या मध्यभागी ती जागा सोडीतच राहिले आणि तेथे रंगीत वर्तुळ काढले जाऊ लागले. गरजेतून अलंकार कसा जन्मतो याचे इतके सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल. चित्राची चौकटही प्रथम लेखक रिकामी सोडी व मग चित्रकार ती भरी. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच मराठीत रूढ झाला. तो वापरणाऱ्या कितीजणांना पोथी आठवते, हा प्रश्न निराळा.

महाराष्ट्रातील अधिक जवळचे उदाहरण ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या सचित्र फारसी काव्याचे आहे. मनमाडहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग अंकाईवरून ज्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) पोहोचतो, तेथील निजामशाही दरबाराशी ते निगडित आहे. आफताबी या कवीने पहिल्या हुसेन निजामशाहाच्या स्तुतीसाठी ते रचले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतील विजय त्यात गायिला आहे. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असून ग. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी केलेले त्याचे संपादन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. काव्यात राणी खुंझा हुमायून हिचे वर्णन आहे, चित्रांत ती राजाजवळ बसलेली होती; परंतु पुढे बहुतेक चित्रांतील तिची आकृती पुसून वा रंगाखाली झाकून टाकण्यात आली. केवळ चित्र पाहणाऱ्यास राजाशेजारी एक डाग दिसेल आणि केवळ मजकूर वाचणाऱ्यास काही घडल्याची शंकाही येणार नाही. दोन्ही एकत्र पाहिल्यावरच त्या पानावर काय घडले ते कळते.

आपल्या कलाशिक्षणाने नेमकी ही एकत्रता गमावलेली आहे. शासकीय रेखाकला परीक्षांच्या प्रचलित रचनेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांना स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणि अक्षरलेखन मात्र कर्तव्यभूमितीच्या जोडीला, अशी विभागणी रूढ झाली. अक्षराचे प्रमाण साधण्यासाठी शिस्त लागते, हे मान्य. पण भूमितीच्या शेजारी बसविलेले अक्षर पट्टीने मोजण्याची आकृती होऊन बसते. ते काय सांगते, याच्याशी मुलाचा संबंध राहत नाही. स्पर्धांत तर मजकूर नसतोच. असतो तो दिलेला ‘विषय’. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही चित्रांवर मजकूर नसतो, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु एका कथेच्या चित्रसंचाला तेथेही ‘पोथी’च म्हणतात आणि तिचा मजकूर चित्रकथीच्या मुखात असतो.

मध्ययुगातील मुलाने स्वतः काय केले, याचा पुरावाही उपलब्ध आहे. १९५६ मध्ये रशियातील नोव्हगोरोद येथील उत्खननात ओनफिम नावाच्या मुलाचे भूर्जसालीवरील लेखन सापडले. काळ तेरावे शतक. मुलगा सहा-सात वर्षांचा असावा. वर्णमाला गिरवताना ती अर्ध्यावर टाकून त्याने शत्रूला भाला मारणारा घोडेस्वार काढला आणि शेजारी स्वतःचे नाव लिहिले. सोने नाही, वेलबुट्टी नाही. पण अक्षर आणि चित्र एकाच हाताचे, एकाच सालीवरचे.

मनमाडच्या मुलांच्या भोवती अक्षरांची वाण नाही. स्थानकावरील पिवळ्या पाटीची काळी अक्षरे ती रोज पाहतात. घरात आजीची ओवी असते, दुकानाची पाटी असते, गाड्यांचे वेळापत्रक असते. स्पर्धेने विषय न देता कोरा आडवा कागद द्यावा, मजकूर मुलांनी निवडावा. दोन मुलांची जोडी असावी. एकाने लिहावे व जागा सोडावी, दुसऱ्याने ती भरावी. जागेवरून त्यांचे भांडण होईल, ते होऊ द्यावे, कारण पानाची रचना त्या भांडणातच ठरते. परीक्षक म्हणून कलाशिक्षकाच्या जोडीला भाषेचा शिक्षक बसवावा आणि सोनेरी रंगाला वेगळे गुण ठेवू नयेत. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावण्याची मुभा मात्र दोघाही मुलांना असावी.