पेंढा आणि प्राण

'पॅडिंग्टन' (२०१४) या चित्रपटाची खलनायिका प्राण्यांत पेंढा भरणारी आहे. पेरूच्या जंगलातून लंडनला आलेल्या छोट्या अस्वलाला मारून, त्यात पेंढा भरून नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये उभं करायचं, एवढा एकच ध्यास तिला लागलेला असतो. चार वर्षांनी आलेल्या अँडी सर्किसच्या 'मोगली'मध्ये लॉकवुड हा गोरा शिकारी हेच करतो. त्याने मारलेल्या प्राण्यांमध्ये मोगलीला आपला जिवलग दिसतो: भूत नावाचं लांडग्याचं पांढरं पिल्लू, पेंढा भरून ठेवलेलं. दोन अगदी वेगळ्या वळणाच्या दिग्दर्शकांना सगळ्यात मोठं पाप म्हणून हेच सुचावं, यात मला एक खोल भीती दिसते. कातडं हुबेहूब राखायचं आणि आतला जीव गमवायचा, हा धोका मुलांच्या प्राणिकथा पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत आज उभा आहे.

कातड्याचा प्रश्न तर सुटलाच आहे. जॉन फॅव्रोच्या 'द जंगल बुक'मध्ये (२०१६) नील सेठी हा मुलगा सोडला तर बहुतेक सगळं संगणकावर घडवलेलं आहे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे तो एकटा वावरला आणि जंगल, पाऊस, वाघ नंतर त्याच्याभोवती रचले गेले. दृश्यपरिणामांचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं ते रास्तच होतं. तीन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या 'द लायन किंग'मध्ये खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य एकच होतं, सुरुवातीच्या सूर्योदयाचं. पण त्याच चित्रपटात मर्यादाही उघडी पडली. मेलेल्या बापाला सिंबा हाक मारतो तो प्रसंग पाहा. १९९४च्या हाताने काढलेल्या चित्रपटात त्या छाव्याच्या भुवया, डोळे, ओठ सगळे मिळून रडतात. २०१९मध्ये आवाज रडतो आणि चेहरा मात्र सिंहाच्या छाव्याचा असतो तसाच राहतो, कारण खऱ्या छाव्याच्या चेहऱ्यावर माणसासारखं रडू उमटत नाही. अस्सलपणाचा हट्ट धरला, तर त्या प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा का घातली, याचं उत्तर द्यावं लागतं. ते त्या चित्रपटाजवळ नाही.

'जंगल बुक'सारख्या मूळ पुस्तकांनी हे उत्तर फार विचाराने शोधलं होतं. त्याच्या लेखकाचा, किपलिंगचा, जन्म मुंबईचा, १८६५चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत आणि घर त्याच आवारात. 'जंगल बुक' मात्र त्याने अमेरिकेत, व्हर्माँटच्या थंडीत लिहिलं. पहिला भाग १८९४मध्ये आला, दुसरा पुढच्या वर्षी. कथा घडते सिवनीच्या डोंगरात आणि वैनगंगेच्या काठी, म्हणजे भंडारा-गडचिरोलीच्या लोकांना घरच्या असलेल्या नदीच्या वरच्या अंगाला. लेखक तिथून हजारो मैल दूर होता, त्यामुळे फॅव्रोने जंगल स्टुडिओत उभारलं म्हणून मी नाक मुरडणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. किपलिंगच्या जंगलाला कायदा आहे. कोणी केव्हा मारायचं, पाण्यावर कोण आधी येणार, दुष्काळात पाणवठ्यावर शिकार का वर्ज्य, हे सगळं ठरलेलं आहे. प्राणी बोलतात ते या कायद्यातून. म्हणून त्यांचं बोलणं खरं वाटतं.

फॅव्रोला हे कळलेलं होतं, हे पाणवठ्याच्या दृश्यात दिसतं. नदी आटून शांतीचा खडक वर आला आहे, हरणं आणि लांडगे एका काठावर पाणी पिताहेत आणि शेरखान वाघ येतो. तो कोणाला हात लावत नाही, नुसता मोगलीचा वास घेतो. त्या काही मिनिटांत चित्रपट मूळ पुस्तकाच्या उंचीला पोचतो. पुढे मात्र उतरण लागते. शेवटी जळत्या जंगलात झाडाची फांदी मोडते आणि शेरखान आगीत पडतो.

किपलिंगने हा मृत्यू कसा लिहिला आहे, ते आठवावं. मोगली गावात गुराखी झालेला आहे. वाघाने सकाळी डुक्कर मारून खाल्लं आहे आणि वर पाणीही प्यायला आहे, ही बातमी त्याला लांडग्यांकडून कळते. पोट तुडुंब भरलेला वाघ ना नीट लढू शकतो, ना दरीची कड चढू शकतो. मोगली अकेला या लांडग्याच्या मदतीने म्हशींच्या कळपाचे दोन भाग करतो, दरीची दोन्ही तोंडं अडवतो आणि वाघाला म्हशींच्या पायाखाली घालतो. मग बसून त्याचं कातडं सोलतो, तर गावचा शिकारी बुलदेव सरकारी बक्षिसाच्या शंभर रुपयांसाठी त्या कातड्यावर हक्क सांगायला येतो. वाघ मेला तो वाघाच्या स्वभावामुळे, आणि मारणारा जिंकला तो गुरं राखण्याचं काम शिकल्यामुळे. त्यानंतरही त्याच्या वाट्याला सुख नाही. गाव त्याला चेटक्या म्हणून दगड मारून हाकलतं आणि लांडग्यांनी तर आधीच हाकललेलं असतं. दोन्हीकडचा आणि कुठलाच नसलेला हा मुलगा, हेच या पुस्तकाचं काळीज. १९६७च्या डिस्नेपटाने त्याला पाणी भरणाऱ्या मुलीच्या मागे गावात पाठवून प्रश्न मिटवला. २०१६च्या चित्रपटाने त्याला झाडावर बगीरा बिबट्या आणि बाळू अस्वलाच्या शेजारी बसवून मिटवला. दोन्ही शेवट गोड आहेत. पण पुस्तकातलं दुःख दोघांनीही वाहून जाऊ दिलं.

सर्किसने ते दुःख धरून ठेवलं. त्याचा बाळू शिस्तीचा शिक्षक आहे, 'का' ही अजगर मोगलीला गिळायला टपलेली नाही, बगीराच्या मानेवर पिंजऱ्यातल्या दिवसांचा वण आहे. साम्राज्यवादी लेखकाच्या कथेत गोऱ्या शिकाऱ्याला आणून बसवण्याचं धाडसही त्याने केलं. फसला तो चेहऱ्यांत. नटांच्या हालचाली टिपून त्या प्राण्यांवर चढवताना त्याने नटांची चेहरेपट्टीही लांडग्या-वाघांना दिली, आणि बघणाऱ्याला ना धड प्राणी दिसतो ना धड माणूस. वाईट वाटतं, कारण फॅव्रोच्या आणि सर्किसच्या चित्रपटांत अधिक प्रामाणिक पटकथा याचीच आहे.

आपल्याकडे 'जंगल बुक' मुख्यतः कानांनी शिरलं, हेही इथे नोंदवायला हवं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी जपानी मालिका, तिचं गुलजारांनी लिहिलेलं शीर्षकगीत आणि नाना पाटेकरांचा शेरखान हे एका अख्ख्या पिढीचं बालपण आहे. २०१६च्या हिंदी आवृत्तीत नाना पुन्हा शेरखान झाले, ओम पुरी बगीरा झाले आणि इरफान खानने बाळूला पंजाबी ढंग दिला. चित्रपट त्या वेळी भारतात सर्वाधिक कमाई करणारा हॉलिवूडपट ठरला. नानांच्या आवाजातली खर्जातली धमकी आणि वाक्य मध्येच तोडण्याची लकब शेरखानला जो दरारा देते, तो नुसत्या चित्रातून आला नसता. प्राणी बोलका करणं हे शेवटी आवाजाचं काम आहे, हे मी त्या आवृत्तीत शिकलो.

बिअॅट्रिक्स पॉटरच्या सशाची अवस्था सगळ्यांत केविलवाणी झाली. 'पीटर रॅबिट' १९०२चं. पॉटरने घरी ससे पाळले होते आणि त्यांची हाडं-सांधे जाणून ती चित्रं काढायची. तिच्या पुस्तकात पीटरचा बाप मॅकग्रेगर बाईंच्या 'पाय' नावाच्या पदार्थात गेलेला आहे, हे आईच पहिल्या पानांत मुलांना सांगते. पीटर निळा कोट आणि बूट घालून दोन पायांवर चालतो. बागेचा मालक मॅकग्रेगर मागे लागल्यावर आधी बूट सुटतात, आणि बूट गेल्यावर तो चार पायांवर अधिक वेगाने पळू लागतो. मग कोटही जाळीत अडकून राहतो. कपडे गळत जातात तसा तो ससा होत जातो. माणूस आणि प्राणी यांच्यातली सीमा इतक्या थोड्या रेषांत कोणी दाखवली असेल असं मला वाटत नाही. २०१८च्या चित्रपटात पीटर चुरूचुरू बोलणारा टवाळ पोरगा झाला. म्हातारा मॅकग्रेगर हृदयविकाराने मरतो आणि पीटर त्याचं श्रेय घेतो. पुढे एका माणसाला ब्लॅकबेरीची अॅलर्जी आहे हे माहीत असून ससे त्याच्या तोंडात ती फळं मारतात. त्या प्रसंगावरून पालक संतापले आणि सोनी या निर्मात्या कंपनीला माफी मागावी लागली. चर्चा अॅलर्जीची झाली, ती योग्यच होती. पण मला खटकलं ते याच्याही आधीचं. या सशाला भीती नाही. ज्याला कोणी खाऊ शकत नाही तो ससा कसला?

उलट उदाहरण म्हणून 'बेब'कडे (१९९५) मी पुन्हा पुन्हा वळतो. डिक किंग-स्मिथची १९८३ची कादंबरी, दिग्दर्शक क्रिस नूनन, निर्माता आणि सहलेखक जॉर्ज मिलर. पडद्यावर खरी डुकराची पिल्लं आहेत. ती झपाट्याने वाढतात म्हणून चित्रीकरणात एकामागून एक ४८ पिल्लं वापरली गेली. जोडीला जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेतल्या यांत्रिक बाहुल्या आणि संगणकाने हलवलेली तोंडं. तंत्र आज जुनं दिसतं. तरीही चित्रपट तसूभर शिळा झालेला नाही, कारण शेतावर कोण का जगतं हे तो पहिल्यापासून सांगतो. फर्डिनंड बदक पहाटे आरवतं ते कोंबड्याचं काम आपल्याकडे आलं तर ताटात जावं लागणार नाही म्हणून. नाताळच्या दिवशी खिडकीतून दिसतं की दुसरं एक बदक टेबलावर गेलं. मांजर बेबला थंडपणे सांगतं की डुकरं खाण्यासाठीच असतात. ते ऐकून पिल्लू पावसात निघून जातं आणि आजारी पडतं, खाणं सोडतं. आणि मग तो अबोल शेतकरी हॉगेट त्याला मांडीवर घेऊन गातो, नंतर उठून नाचतो. जेम्स क्रॉमवेलने तो नाच अवघडलेल्या अंगाने सुरू करून हळूहळू मोकळा केला आहे. सुरीचा धाक आधी दाखवला नसता, तर या नाचाला काहीच किंमत उरली नसती.

'पॅडिंग्टन'चं यशही याच जातीचं, फक्त तिथली भीती वेगळी आहे. मायकल बाँडच्या १९५८च्या पुस्तकात गळ्यात चिठ्ठी अडकवलेलं अस्वल रेल्वे स्थानकावर उभं आहे. युद्धकाळात लंडनबाहेर पाठवलेली, अशाच चिठ्ठ्या गळ्यात असलेली मुलं बाँडच्या मनात होती. पॉल किंगने हे चित्रपटात जपलं. ग्रुबर हा पुराणवस्तूंचा दुकानदार लहानपणी आगगाडीने परक्या देशात कसा आला ते सांगतो, तेव्हा अस्वलाची गोष्ट निर्वासिताची गोष्ट होते. २०१७च्या दुसऱ्या भागात पॅडिंग्टन लंडनच्या उघडमीट पुस्तकातून लूसी काकूला शहर दाखवतो. कागदाच्या चौकांतून, कागदाच्या पुलांवरून दोघं चालतात. सगळ्यात महागडं तंत्र हाताशी असताना दिग्दर्शकाने त्या क्षणी कागद निवडला, याचं मला फार मोल वाटतं. आवाज आधी कॉलिन फर्थचा असणार होता. तो बाजूला झाला आणि बेन व्हिशॉ आला. तो बदल फार चांगला झाला. त्या आवाजात अजिजी आहे आणि स्वाभिमानही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'कॉल ऑफ द वाइल्ड'मधला (२०२०) संगणकीय कुत्रा इतका समजूतदार आहे की जॅक लंडनच्या कथेतलं रक्त त्यात येऊच शकत नाही. त्याच वर्षीच्या 'ब्लॅक ब्युटी'ने अॅना सूअलचा घोडा घोडी करून अमेरिकेतल्या मोकाट कळपात नेला. घोडा घोडी झाली याला माझी हरकत नाही, पण गाडीला जुंपलेल्या जनावरांच्या हालांविरुद्ध १८७७मध्ये पेटलेला राग त्यात मंदावला. वेस अँडरसनचा 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' (२००९) मात्र आनंदाचा ठेवा आहे. एकेक चित्र टिपताना कलाकारांची बोटं बाहुल्यांच्या केसांना लागतात आणि पडद्यावर कोल्ह्याची फर सतत थरथरते. दोष म्हणून ती पुसता आली असती. अँडरसनने राहू दिली, आणि त्या थरथरीत मला फॅव्रोच्या लाखो निर्दोष केसांपेक्षा जास्त जीव दिसतो. आणि १९७८चा सशांचा 'वॉटरशिप डाउन' आहेच. ब्रिटनमध्ये तो तेव्हा सर्वांसाठी खुला होता आणि त्यातल्या रक्ताने किती मुलांची झोप उडवली, याच्या आठवणी लोक अजून सांगतात. तिथल्या चित्रपट-वर्गीकरण मंडळाने हल्ली त्याचा दर्जा पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याचा केला. तो निर्णय ठीक आहे. पण २०१८ची गुळगुळीत संगणकीय मालिका ठेवून मी मुलांना जुना चित्रपटच दाखवीन, शेजारी बसून.

हुबेहूबपणाच्या या शर्यतीची आर्थिक बाजूही ढासळते आहे. 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ घडवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी, जिची शाखा मुंबईतही होती, २०१३मध्ये ऑस्कर हाती पडायच्या काही दिवस आधी दिवाळखोरीत निघाली. 'द जंगल बुक' आणि 'द लायन किंग' घडवणाऱ्या एमपीसीची मालक कंपनी टेक्निकलर २०२५च्या फेब्रुवारीत कोसळली आणि बंगळुरूतल्या आपल्या कारागिरांचे पगार अडकले. पडद्यावरच्या त्या वाघाचा एकेक केस विंचरणारे हात बऱ्याच अंशी भारतीय होते, हे प्रेक्षकाला कोणी सांगितलंच नाही.

त्याच सुमारास, २०२५च्या मार्चमध्ये, लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोदिसच्या 'फ्लो'ला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तो कुठल्या पुस्तकावर आधारलेला नाही, पण या चर्चेत त्याला टाळता येत नाही. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो बनला. मांजर, कुत्रा, कॅपिबारा पुरातून एका होडीत जातात आणि कोणीही एक शब्द बोलत नाही. मांजर मांजरासारखं घाबरतं, उडी मारण्याआधी मांजरासारखंच मागचं अंग हलवतं. केस एकेक करून मोजता येत नाहीत, रंगाचे फटकारे दिसतात, आणि दहा मिनिटांत त्या जनावराच्या जिवाची काळजी लागते.

म्हणूनच मला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'वरचा चित्रपट हवा आहे. या कादंबरीला १९८३मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती लहान मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण बारा-चौदा वर्षांच्या मुलांनी ती वाचावी आणि पाहावी, असं माझं ठाम मत आहे. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्याची ही कथा माडगूळकरांनी वर्षानुवर्षं जंगलात बसून केलेल्या निरीक्षणातून आली. वानरं गाणार नाहीत, विनोद करणार नाहीत. हुप्प्या बदलला की पिल्लांच्या जिवावर बेततं, हे वानरांच्या जगातलं वास्तव आहे. जो कोणी हा चित्रपट काढेल, त्याला पैसे घालणारा पहिल्याच बैठकीत हे वास्तव वगळायला सांगेल. तिथे दिग्दर्शकाने अडून बसायला हवं, मग चित्रपटाला आणखी पाच वर्षं लागली तरी चालतील.