सहाध्यायाचा शोक

कॉलेजांच्या वार्षिक अंकांची गणना वाङ्मयांत कोणी करीत नाहीं. त्यांत तो अंक कॉमर्स कॉलेजाचा असला तर मुळींच नाहीं. मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें तेव्हांपासून सुशिक्षित घरांतून अशी समजूत आहे कीं, असल्या कॉलेजांतला मुलगा जमाखर्च शिकतो, ग्रंथ वाचीत नाहीं. त्याच कॉलेजांत १९१८ पासून १९२० पर्यंत डॉ. आंबेडकरांसारखा ग्रंथप्रेमी पुरुष अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता, हें मात्र कोणाला आठवत नाहीं. मी स्वतः अशाच एका कॉलेजांत पुष्कळ वर्षें इंग्रजी शिकवीत आलों आहें. ती समजूत माझ्याही मनांत किती मुरली होती, हें आमच्या एका वार्षिकांतील दोन शोकलेखांनीं मला दाखविलें.

वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी विषमज्वरानें वारला. त्याच्यावर अंकांत एक विलापिका आली आणि एक गद्य लेख आला. विलापिकेचें वृत्त निर्दोष आहे. तींत काळ निष्ठुर आहे, कळी अकालीं खुडली गेली आहे, आकाशांतला तारा निखळला आहे. नांव तेवढें बदललें तर ती कोणाही तरुणाच्या मृत्यूवर छापतां येईल. आम्हीं अर्थातच तिला पहिलें पान दिलें.

पण केवळ ठराविक संकेत वापरले म्हणून कविता खोटी ठरते, असें म्हणणें मला मान्य नाहीं. केंब्रिजमधील मिल्टनचा सहाध्यायी एडवर्ड किंग १६३७ सालीं आयरिश समुद्रांत बुडाला. पुढील वर्षीं निघालेल्या स्मृतिसंग्रहांत मिल्टननें ‘लिसिडस’ हें काव्य दिलें, व त्यांत स्वतःला आणि मित्राला मेंढपाळ केलें. कल्पनाविलासाला जेथें सवड आहे तेथें दुःख बेताचेंच असणार, असा डॉ. जॉन्सननें त्यावर आक्षेप घेतला. वर्गांत मी नेहमीं मिल्टनचीच बाजू घेतों. हातून कांहीं घडण्यापूर्वीं आपल्यालाही मृत्यूनें गांठलें तर, ही त्याची भीति त्या मेंढपाळी वेषाच्या आंतून स्पष्ट दिसते. आमच्या कवीच्या कळीच्या आणि ताऱ्याच्या मागें मात्र कोणीच उभें नाहीं.

यांत दोष एकट्या त्या मुलाचा नव्हे. त्याच्या अभ्यासांत आलेले विलाप कोणाचे? इंदुमतीसाठीं अजाचा, मदनासाठीं रतीचा. सोबत्यासाठीं रडावें कसें, हें आम्हीं त्याला दाखविलेंच नाहीं. तसा वस्तुपाठ मराठींत नाहीं असें नाहीं. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या गाथेंतील अभंग हे सोबत्याचेच अभंग आहेत. पण ते आपण भक्तीच्या कपाटांत ठेवतों, आणि शोककाव्याचा विषय निघाला कीं तें कपाट उघडावयाचें विसरतों.

गद्य लेख मृताच्या वसतिगृहांतील सोबत्याचा. त्याचें पहिलें पान नीरस आहे. जन्मगांव, परीक्षेंतले गुण, खेळांतलीं बक्षिसें. दुसऱ्या पानापासून मात्र लेखणीला वाट सापडते. रात्रीं हिशेबाचीं उदाहरणें आटोपलीं कीं मृत मित्र हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मोठ्यानें वाची, आणि हा अंथरुणावर पडून ऐके. स्वतः वाचावयाची याला हौस नव्हती. मित्राला घरीं नेलें तेव्हां कादंबरी अर्ध्यावर आली होती. पुढें ग्रंथालयाचें पुस्तक परत करण्याची वेळ आली. यानें आंतली खुणेची चिठ्ठी काढून घेतली, पानाचा आंकडा आपल्या वहींत टिपला व पुस्तक देऊन टाकलें. यमूचें पुढें काय झालें तें आपणांस ठाऊक नाहीं, एवढेंच तो लिहितो. येथें एखादा सराईत लेखक अश्रूंवर दोन ओळी तरी खर्ची घालता.

मूळ लेखांत यापुढें आणखी एक परिच्छेद होता. दोघांच्या चहापाण्याचा हिशेब एका वहींत असे, व एका महिन्याचें खानावळीचें बिल मृतानें याच्या वतीनें भरलें होतें. हा पैसे घेऊन मित्राच्या वडिलांकडे गेला. त्यांनीं ते घेतले नाहींत. तेव्हां तो विचारतो कीं, ही रकम आतां वहींत कोठें लिहावी? येणें असतें तर बुडीत खातीं टाकतां आलें असतें. पण देणें बुडालें असें ऋणकोला आपल्या हातानें लिहितां येत नाहीं, तो अधिकार धनकोचा. म्हणून दर महिन्यास तो ती बाकी पुढें ओढतो.

हा परिच्छेद संपादक या नात्यानें मीं गाळला. शोकाच्या प्रसंगीं पैशाचा उल्लेख अनुचित, असा शेरा लाल पेन्सिलीनें मारल्याचें मला आठवतें. मुलानें तक्रार केली नाहीं. प्राध्यापकांना अधिक कळतें असें त्याला वाटलें असावें. आज तो परिच्छेद वाचतांना दिसतें कीं, जमाखर्चाच्या तासाला शिकलेला एक रुक्ष नियम त्यानें आपल्या दुःखाला लावून पाहिला, आणि तो नियम त्या दुःखाला तंतोतंत लागू पडला. मिल्टनला मेंढपाळ जसे परंपरेनें हातीं आले, तशी याला खतावणी आली. वर्षानुवर्षें ‘लिसिडस’चा कैवार घेणाऱ्या माणसाला एवढें साम्य दिसूं नये, याचें मला नवल वाटतें. नवल तरी कसलें! तो मुलगा कॉमर्सचा होता.

मूळ हस्तलिखित माझ्या टेबलाच्या खणांत राहून गेलें. तें परत द्यावें असें मनांत आलें, तेव्हां तो पदवी घेऊन गेलेला होता.