राहूला दिलेली जागा

आर्यभटाने इ. स. 499 मध्ये ग्रहणाचे कारण थोडक्यात सांगून टाकले : सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया झाकते. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी सुमारे 5 अंशांनी कललेली असते. म्हणून दर अमावास्या-पौर्णिमेला ग्रहण लागत नाही. त्या वेळी चंद्र दोन मार्गांच्या छेदनबिंदूजवळ, म्हणजे पाताजवळ, असावा लागतो.

वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त राहूच्या कथेला पेच घातला. राहूची गती ठरलेली असेल, तर अर्धे वर्तुळ दूर असलेल्याला तो कसा ग्रासतो? ठरलेली नसेल, तर ग्रहण गणिताने आधी कळते कसे?

तरीही 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त ब्रह्मगुप्ताने या दोघांनाही दोष दिला. राहू नाकारणे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे, असे त्याचे म्हणणे. तोडगा त्याने असा काढला : ब्रह्मदेवाच्या वराने राहू चंद्रग्रहणात पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणात चंद्रात. चार शतकांनी अल् बिरूनीने हे वाचून त्याला बोल लावला. एवढ्या ज्ञानी माणसावर सॉक्रेटिससारखा प्रसंग ओढवला असावा, असा तर्कही केला.

हा निवाडा मला अर्धाच पटतो. ब्रह्मगुप्ताचे ग्रहणगणित पाहावे. त्यात बिंबांचे आणि छायेचे व्यास आहेत, चंद्राचा शर आहे. वराची कथा गाळली तरी एकही अंक बदलत नाही. राहूला जागा मिळाली, काम मिळाले नाही. 1150 मध्ये भास्कराचार्यांनीही तेच केले. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट दिसतात, कारण झाकणारी छाया मोठी. सूर्याची तीक्ष्ण दिसतात, कारण झाकणारा चंद्र लहान. म्हणजे झाकणारे दोन वेगळे, हे त्यांनी दाखवले आणि राहूला पुन्हा त्याच दोन ठिकाणी बसवले. फक्त वर देणारे शंभू झाले.

याला निव्वळ भित्रेपणा म्हणता येत नाही. गणित सुखरूप ठेवण्याची ती युक्तीही असेल. पण तिची किंमत गणित्यांना मोजावी लागली नाही. छायेचे गणित शिकलेल्या मूठभरांपाशी राहिले आणि राहू शास्त्राच्या संमतीने घरोघर गेला. आजच्या पंचांगात स्पर्श-मोक्षाच्या वेळा मिनिटांनिशी बिनचूक असतात, शेजारीच वेध पाळण्याचे नियम असतात. रस्त्यावर 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी उठते. घरातली गर्भार बाई त्याच छापील वेळा पाहून विळीपासून हात आवरते. त्या वेळा ज्या गणिताने निघाल्या, त्यात राहू नावाचा ग्रासणारा कोणी नाही, एवढेच तिला कुणी सांगितलेले नसते.