गालिच्याची गाठ आणि गालिच्याचे मूल्य : येरवडा व मावळ यांच्या संदर्भात

गृहशोभेच्या विवेचनात पौर्वात्य गालिच्याचे मोल बहुधा गाठींच्या संख्येवरून ठरविले जाते. दर चौरस इंचात गाठी जितक्या अधिक, तितकी कारागिरी श्रेष्ठ, असा हा निकष आहे. तो निराधार नाही. ताण्याच्या दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारावयाची, ओळ पुरी झाली की बाणा घालून ती पंजाने ठोकून बसवावयाची आणि वर आलेली लव कातरून सारखी करावयाची, अशी ही रीत आहे. तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना विळखा घालते. इराणी गाठ एकास विळखा घालून दुसऱ्याच्या मागून निघते. नक्षीतील प्रत्येक वळण गाठींच्या पायऱ्यांनीच साधावयाचे असल्यामुळे वीण दाट असल्याखेरीज नाजूक वेल उमटत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबीलच्या गालिच्यात (इ. स. १५३९-४०) दर चौरस इंचास सुमारे ३४० गाठी आहेत, आणि त्याच्या वेलींचा डौल या दाटीवाचून संभवत नाही.

तथापि संख्या हे साधन होय, मूल्य नव्हे. हा भेद पारखण्यास पुण्याजवळचेच एक उदाहरण उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणवून घेतले जात, आणि त्यांपैकी काही विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांच्या नकला होत्या. ही प्रथा एकट्या येरवड्याची नव्हे. विंडसर किल्ल्यातील वॉटर्लू दालनाचा प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगात विणला गेला. जॉर्ज बर्डवुड याने १८८० च्या आपल्या ग्रंथात तुरुंगांतील या उद्योगावर कठोर टीका केली. तुरुंगाच्या स्वस्त स्पर्धेपुढे स्वतंत्र विणकर टिकत नाही आणि परंपरागत नक्षीही भ्रष्ट होते, असा तिचा आशय होता.

या आक्षेपाचा पहिला भाग आजही अबाधित आहे. दुसऱ्यास मर्यादा घातली पाहिजे. येरवड्याच्या नकलांनी परक्या बाजारी अभिरुचीऐवजी दख्खनमध्ये जतन झालेले जुने नमुने पुढे ठेवले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. शिवाय केवळ नकल म्हणून त्या हीन ठरवाव्यात, तर काश्मिरी विणकरही ‘तालीम’ या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या आज्ञांप्रमाणेच गाठी मारतो. नक्षी त्याची स्वतःची नसते. मग भेद कोठे आहे? काश्मिरी कारागिराची विद्या त्याच्या उपजीविकेस आणि पुढील पिढीस लाभू शकते. कैद्यास हात होता. माग, मजुरी आणि वारसा नव्हता. मिर्झापूर-भदोहीसारखे गालिच्यांचे केंद्र पुण्याभोवती कधी उभे राहिले नाही, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. गाठ निर्दोष असूनही परंपरा निर्माण होत नाही, याचा हा पुरावा होय.

गालिचा घरात येतो तेव्हा दुसरा प्रश्न उद्भवतो. भोर घाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाला आणि पुढे लोणावळा-खंडाळ्यास मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले. अशा दिवाणखान्यात गालिच्याचे मध्यपदक मेजाखाली झाकले जाते आणि काठ कोचांखाली जातात. त्यातच लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ओलीने ताण्याबाण्याचे सूत कुजते. लोकरीस कसर लागते. ज्या ऋतूसाठी लोणावळ्यास जावयाचे, त्याच ऋतूत गालिचा गुंडाळून ठेवावा लागतो.

त्याच मावळातील घोंगडीशी याची तुलना उद्बोधक आहे. घोंगडीत गाठ नाही, नक्षी जवळजवळ नाही. जाडीभरडी लोकर आणि चिंचोक्याची खळ, एवढेच तिचे भांडवल. परंतु ती पावसात पांघरली जाते, कोरड्या दिवशी अंथरली जाते, आणि वापराने तिचे रूप पूर्ण होते. घोंगडी गालिच्याहून सुंदर आहे, असा याचा अर्थ नव्हे. गालिचाही मुळात जमिनीवर बसणाऱ्यांसाठीच विणला गेला, याचे स्मरण ती करून देते. बसलेल्या माणसाची नजर प्रथम काठावर पडते आणि काठाकाठाने मध्याकडे सरकते. वाड्यातील बैठकीत लोड-तक्के भिंतीलगत राहून मधली जागा मोकळी राहते. तेथे ही रचना उलगडते. खुर्चीच्या उंचीवरून आणि लाकडी सामानाच्या फटींतून ती तुकड्यातुकड्यांनीच दिसते.

सारांश, गाठी मोजणे हा परीक्षेचा केवळ आरंभ आहे. गालिचा उलटून पाहिला असता गाठींची घनता आणि विणीचे दोष कळतात. ती गाठ कोणत्या स्थितीत मारली गेली, हे कळत नाही. म्हणून ते लिहून ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे. येरवड्याच्या गालिच्याची ‘विजापुरी नमुना’ एवढीच नोंद करणे अपुरे आहे. ‘तुरुंगात विणलेला’ हे शब्दही त्या नोंदीत राहिले पाहिजेत.